भोंगा वाजला नाय

वासिफ एरवी इतका हळू बोलतो की समोरच्याला दोनदा विचारावं लागतं. रोह्यात ज्या दुकानातून तो किराणा भरतो त्या दुकानदाराला कुणी सांगितलं, की हा माणूस माइक तोंडाला लावून जनावरासारखा गुरगुरायचा, तर त्याला ती थट्टा वाटेल. पण पेण, नागोठणे, रोहा या पट्ट्यात आज तिशी ओलांडलेले काही लोक असे आहेत, की वासिफ म्हटलं की त्यांना तो आवाजच आठवतो.

त्याचे वडील याकूब यांचं अर्धं आयुष्य कुवेतमध्ये गेलं. पोरानेही तिकडेच जावं असं त्यांना वाटायचं. वासिफ गेला नाही. डिप्लोमा करून तो रोह्याजवळच्याच एका केमिकल कंपनीत ऑपरेटर म्हणून चिकटला. गाण्याचं वेड मात्र आखातातूनच आलं. कॉलेजात असताना चुलतभाऊ जुहेब दुबईहून सुट्टीवर आला, तेव्हा त्याच्या लॅपटॉपमध्ये परदेशी गाण्यांचा ढीग होता. त्यात स्वीडनचे काही बँड होते. ड्रम असे की कुणी दार फोडतंय, गाणारा तर गातच नाही, नुसता गुरगुरतोय, आणि या सगळ्या दंग्याच्या डोक्यावर दोन गिटारी मिळून एक सूर धरतात, इतका देखणा की ऐकणाऱ्याचा जीव कासावीस व्हावा. याला मेलोडिक डेथ मेटल म्हणतात, असं जुहेबने सांगितलं. वासिफला नावाशी देणंघेणं नव्हतं. राग आणि सूर एकाच गाण्यात राहू शकतात, हे त्याला पहिल्यांदा कळलं होतं.

तो आवाज घशातून काढला तर दोन दिवसांत घसा बसतो. तो पोटातून, श्वास दाबून काढावा लागतो. वासिफ नदीकाठी जाऊन ते शिकला. घरात एकदा न्हाणीघरात करून पाहिलं, तर याकूबनी दाराबाहेरून विचारलं, तबेत बरी हाय ना.

त्याच्या वर्गात पेणचा विराज होता. विराज गिटार वाजवायचा, आणि त्याची थोरली बहीण सावनी त्याच्यापेक्षा बरी वाजवायची. त्यांचे वडील त्र्यंबक सर पेणच्या एका शाळेत मराठी शिकवत. सावनीचा कान वेगळाच होता. पेणच्या आसपास आगऱ्यांच्या लग्नात धवलारिणी बसून धवले गातात, त्या चाली तिने लहानपणी शेजारच्या मांडवांत ऐकल्या होत्या. गिटारीचा आवाज करकरीत करून तिने तशीच एक चाल वाजवली, विराजने तिच्यावर दुसरा सूर धरला, आणि वासिफ त्यावर गुरगुरला. बँड तिथंच जमला. ड्रमवर पेणचा निलेश बसला. बेस वाजवायला कधी कुणी टिकलं नाही. भरतीचं पाणी जिथं येतं आणि जातं त्या चिखलाच्या जमिनीचं नाव त्यांनी बँडला दिलं, खाजण.

निलेशच्या घरचा गणपतींचा कारखाना होता. त्याच्याच मागच्या शेडमध्ये रविवारी दुपारी तालीम चाले. सभोवार पांढऱ्या, बिनरंगाच्या मूर्ती. निलेशच्या वडिलांची एकच अट होती. मूर्तींच्या डोळ्यांची आखणी सुरू झाली, की तालीम बंद. तोवर देवाने काही बघितलेलं नाही, काय ते ओरडून घ्या, असं ते म्हणत.

कंपनीत वासिफला काम शिकवलं ते निडी गावच्या बाबाजीने. कुठला व्हॉल्व्ह आधी, कुठला नंतर, वास आला तर वारा कुठून वाहतोय ते बघून पळायचं, हे सगळं त्याने सांगितलं. वासिफ त्याला बाबाजीदादा म्हणायचा. डब्यातली मच्छी दोघांत वाटली जायची. त्याचं हे गुरगुरणं बाबाजीने मोबाइलवर ऐकलं होतं आणि तो इतकंच म्हणाला होता, की बाबा, पाणी पीत जा.

करोनाच्या आधीची गोष्ट. सेकंड शिफ्टला, संध्याकाळ व्हायच्या सुमारास, एका टाकीच्या जोडातून गॅस सुटला. गॅस सुटला की भोंगा वाजतो, भोंगा वाजला की सगळे गेटकडे धावतात, असा नियम. त्या दिवशी भोंगा वाजला नाही. वासिफ प्लँटच्या दुसऱ्या टोकाला होता, वारा उलटा होता, म्हणून वाचला. बाबाजी टाकीखाली काम करत होता. त्याला गॅस लागला. बाहेर आणला तेव्हा तो बोलत नव्हता, आणि रोह्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत गेला.

चौकशी झाली. कंपनीने सांगितलं, की भोंगा वाजला होता, पण सदर कामगार जागेवरून हलला नाही. शिफ्टच्या माणसांना एकेक करून आत बोलावलं. वासिफने सांगितलं, की भोंगा वाजला नाही. बाकीचे म्हणाले, आमचं लक्ष नव्हतं. कुणाला घराचा हप्ता होता, कुणाच्या पोराचं शिक्षण. वासिफचं सांगणं एकट्याचं पडलं, आणि चौकशी मिटली. म्हणजे मेलेला माणूसच चुकला, असं लिहिलं गेलं.

त्या आठवड्यात वासिफने आयुष्यातलं सगळ्यात चांगलं गाणं लिहिलं.

भोंगा वाजला नाय
बाबाजी धावला नाय
धाव म्हणून सांगायला
कुणीच आला नाय

पुढे कंपनीचं गेट होतं, टाकी होती, दारात बसून रडणारी बायको होती. सावनीने धवल्याच्या वळणाची एक चाल त्याला दिली. लग्नाची चाल मरणाला लावली म्हणून त्र्यंबक सर नाराज झाले होते. निलेश दोन्ही पायांनी ड्रम असा वाजवायचा की शेडचे पत्रे थरथरत. आणि वासिफ ते शब्द पोटातून फेकायचा. खाजणच्या पहिल्या अल्बममध्ये हे गाणं आलं. मुंबई-पुण्यातल्या मेटलवाल्या पोरांनी ते डोक्यावर घेतलं. छोट्या हॉलमध्ये पोरं एकमेकांवर आदळत, मुठी वर करून वासिफबरोबर गुरगुरत. मराठीत असं काही कुणी केलंच नव्हतं, असं ती पोरं म्हणायची. वासिफला वाटलं, बाबाजीदादाला कुणीतरी न्याय दिला. कंपनीने नाही तर आपण.

करोना आला, सगळं बंद पडलं. सावनी घरी बसून रेकॉर्डिंगचं काम शिकली. पुन्हा तालमी सुरू झाल्या तेव्हा ती कीबोर्ड घेऊन आली, आणि नव्या गाण्यांत विराजने साध्या, स्वच्छ आवाजात गावं असं तिने सुचवलं. ड्रमचा वेग उतरवायचा, धृपद लोकांना गुणगुणता येईल असं करायचं.

वासिफला हे कुठून आलंय ते माहीत होतं. ज्या स्वीडिश बँडांवर त्याने आणि सावनीने जीव टाकला होता, त्यातल्या बऱ्याच जणांनी हेच केलं होतं. पहिले दोन-तीन अल्बम आगीसारखे. मग हळूच कीबोर्ड शिरतो, मग गाणारा एखाद्या धृपदात सूर लावतो, मग गुरगुरणं चवीपुरतं उरतं, आणि एक दिवस रेडिओवर लागेल असं काहीतरी बाहेर येतं. जुने ऐकणारे शिव्या देतात. नवे दहापट येतात. वासिफने ते नंतरचे अल्बम एकदा ऐकून मोबाइलमधून काढून टाकले होते. सावनी तेच आवडीने ऐकायची.

"पंचविशीतला राग चाळिशीत तसाच कसा राहील?" ती म्हणाली. "माणूस बदलतो, तर आवाज बदलणारच. नाहीतर तो राग नाही, सवय आहे."

"राग संपला असंल तर दुकान बंद करा," वासिफ म्हणाला. "पाटी तीच ठेवून दुसरा माल कशाला विकता?"

असं महिनोन्‌महिने चाललं. निलेश दोघांच्या मध्ये बसून काड्या फिरवत राहायचा. शेवटी एका रविवारी विराज म्हणाला, की वासिफच्या आवाजामुळे आपण त्याच त्या मूठभर पोरांत अडकलोय. वासिफने माइक स्टँडवर ठेवला, बाइक काढली आणि वडखळवरून सरळ रोह्याला आला. त्यानंतर तो तालमीला गेला नाही. त्याची बायको फरझाना सांगते, की त्या वर्षी तो घरात कुणावर ओरडला नाही, पण भिंतींनासुद्धा त्याचा राग कळायचा. दार लावताना, ताट सरकवताना.

मग एक दिवस कंपनीच्या कँटीनमध्ये कुणाच्या तरी मोबाइलवर ती चाल वाजली. सावनीची चाल, संथ केलेली, खाली कीबोर्ड, वर विराजचा मऊ आवाज.

हाक तुझी आली नाय
झोप मला लागली नाय

वासिफने डबा तसाच ठेवला. चाल तीच. मीटर तेच. 'नाय'सुद्धा तोच. भोंग्याच्या जागी हाक आली होती, मेलेल्या माणसाच्या जागी कुणी रुसलेली मुलगी. गाणं धो धो चाललं. रीलमध्ये पोरी त्यावर साड्या सावरत होत्या, नवरदेव घोड्यावर बसत होते. कँटीनमधल्या पोराला वासिफने विचारलं, हे मूळचं गाणं काय होतं ठाऊक हाय का. तो म्हणाला, मूळचं म्हणजे? हेच.

त्याने सावनीला फोन केला नाही. शब्दच सापडेनात, असं तो सांगतो. इतका राग की तो सांगायला सुरुवात कुठून करायची तेच कळत नव्हतं.

त्याच्या पुढच्या मार्चमध्ये कंपनीने सेफ्टी वीक केला. दरवर्षी पोस्टर, शपथ, नाश्ता असतो. त्या वर्षी शेवटच्या दिवशी दुपारी मैदानात स्टेज घातलं आणि आपल्या जिल्ह्याचे लाडके कलाकार म्हणून खाजणला बोलावलं. वासिफला हे स्टेजवर निलेशचे ड्रम चढताना दिसले तेव्हा कळलं. तो युनिफॉर्ममध्ये, हेल्मेट मांडीवर घेऊन, कामगारांच्या रांगेत बसला होता. पुढच्या सोफ्यांवर साहेब लोक.

तिसरंच गाणं ते होतं. ज्या टाकीखाली बाबाजी मेला ती टाकी स्टेजच्या मागे दिसत होती. आणि विराज तिच्यापुढे उभा राहून, डोळे मिटून, हाक तुझी आली नाय म्हणत होता.

वासिफ उठला. त्याने पोटात श्वास भरला आणि जे बँड सोडल्यापासून काढलं नव्हतं ते काढलं. माइक नव्हता, तरी तो आवाज मैदानभर गेला. भोंगा वाजला नाय. बाबाजी धावला नाय. त्याने पूर्ण कडवं म्हटलं, साहेबांच्या सोफ्यांकडे तोंड करून. रांगेतली माणसं वळून बघायला लागली. विराज थांबला.

आणि मग पुढच्या सोफ्यावरून टाळ्या आल्या. एक साहेब हसत हसत मागे वळून अंगठा दाखवत होता. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी माइकवर सांगितलं, की आपल्याच कंपनीतला हा जबरदस्त फॅन, एक टाळी त्याच्यासाठी पण झाली पाहिजे. झाली. सगळ्या मैदानाने वाजवली.

एकाही माणसाला एक शब्द कळला नव्हता.

कार्यक्रम संपल्यावर त्याने स्टेजमागे जाऊन विराजची कॉलर धरली. विराज म्हणाला, माणसं ऐकतायत हे तुला बघवत नाय. वासिफने हात उगारला, पण निलेश मध्ये पडला. सावनी बाजूला बसून केबल गुंडाळत होती. तिने मान वर केली नाही. तिचं ते मान वर न करणं वासिफच्या जास्त जिव्हारी लागलं.

दोन दिवस तो जेवला नाही नीट. फरझाना वैतागली. तिने सांगितलं, की रुसून बसायचं तर ज्यांचं खरंच काही गेलंय त्यांच्याकडे जाऊन बस. ती त्याला घेऊन निडीला गेली. बाबाजीची बायको नमिता अंगणवाडीत मदतनीस आहे. ती नुकतीच घरी आली होती. वासिफ ओट्यावर बसला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. गाणं कसं लिहिलं, त्यांनी त्याचं वाटोळं कसं केलं, आणि आता पोरी त्यावर कशा नाचतात. तुमची माफी मागायला आलो वहिनी, असं शेवटी म्हणाला.

नमिता ऐकत होती. मग तिने विचारलं, कुठलं गाणं.

"मी पाठवलं होतं ना तेव्हा. पहिलं. माझ्या आवाजातलं."

"ते व्हय," ती म्हणाली. "वासिफ, खरं सांगू? मला त्यातला एक शब्द कळला नाय. चाल कळली. धवल्यागत वाटली, म्हणून शेवटपर्यंत ऐकलं. तू काय बोलत होतास ते नाय कळलं."

"त्यात बाबाजीदादाचं नाव हाय."

"नाव हाय? कुठं?"

वासिफने मोबाइल काढला. गाणं लावून तो तिच्या कानाजवळ धरला, आणि नाव आलं तिथे बोट वर केलं. ती डोळे बारीक करून ऐकत राहिली. पुन्हा लाव म्हणाली. पुन्हा ऐकलं. तिने मान हलवली. तेव्हा त्याने मोबाइल बंद केला आणि ते शब्द तिला नुसते म्हणून दाखवले, एकेक ओळ, आपल्या नेहमीच्या हळू आवाजात. फरझानानेही ते शब्द तेव्हा पहिल्यांदाच ऐकले. लग्नाला इतकी वर्षं झाली होती.

दारात बसून रडणाऱ्या बायकोची ओळ आली तसा नमिताने हात वर करून त्याला थांबवलं.

"हे काय लिवलंस? मी कवा रडत बसले?"

वासिफ गडबडला. म्हणाला, की म्हणजे दुःख दाखवायला.

"मी त्या दिवशी गेटवर गेले होते. हातात दगड घेऊन. वॉचमनने दोन्ही हात धरले माझे, तेवढ्यात तुमच्यातल्याच चौघांनी मला गाडीत घातलं. तू त्यांच्यासंगं दवाखान्यात होतास, तुला म्हाईत नाय. म्हणून तू मला रडायला बसवलंस? ते कंपनीवाले म्हणतात तो हलला नाय, आणि तू म्हणतोस मी रडले. दोघांनी आपल्या मनाचंच लिवलं."

ती चिडली होती, आणि तिचा आवाज जराही चढला नव्हता. परत येताना बाइकवर फरझानाला तो एवढंच म्हणाला, की मी इतकी वर्षं कुणासाठी ओरडत होतो.

पुढच्या रविवारी तो पेणला गेला. शेडमध्ये मूर्ती रांगेने उभ्या होत्या, निलेश एका मूर्तीची सोंड घासत होता. सावनी आतच होती. विराज नव्हता. कंपनीच्या कार्यक्रमावरून घरी बहीण-भावाचं जोरात वाजलं होतं, आणि विराज मुंबईला निघून गेला होता, ते हाकेचं गाणं स्वतःच्या नावाने घेऊन.

सावनीने वासिफला बसही म्हटलं नाही.

"आधी मी बोलते," ती म्हणाली. "तू माइक ठेवून गेलास. चाल माझ्याकडे राहिली. तिचं मी काय करायचं होतं, पुरायची? विराजने शब्द बदलले तेव्हा मी ऐकून घेतलं, कारण तुझ्यावर राग होता. पण त्या मैदानात वाजवायला मी नाही म्हणायला हवं होतं. ते म्हटलं नाही. तो दोष माझा."

वासिफने निडीची हकीकत सांगितली. कुणालाच शब्द कळले नव्हते, हेही सांगितलं. सावनीने गिटार उचलली नाही. तिने विचारलं, आता काय करायचं. तो म्हणाला, गाणं नव्याने करायचं. सगळे शब्द ऐकू आले पाहिजेत, आणि सगळे खरे पाहिजेत.

म्हणजे वासिफ गुरगुरणार नाही. हे त्याच्याच तोंडून आलं आणि आल्याबरोबर त्याला त्याचाच संताप आला. ज्या गोष्टीसाठी त्याने बँड सोडला, तीच तो मागत होता. सावनी हसली नाही, हा तिचा भलेपणा. तिने फक्त म्हटलं, की मग ती गोड चाल उघडी पडेल, तिला आधाराला काही उरणार नाही.

सोपं गेलं नाही. वासिफला गाता येत नव्हतं. सूर लावायला गेला की शाळेतली प्रार्थना वाटायची. जोर दिला की भाषण वाटायचं. तो वैतागून बाहेर जाई, मूर्तींच्या रांगांमधून येरझाऱ्या घाली, परत येई. कीबोर्ड सावनीने स्वतःहून काढून टाकला. ड्रम कमी कमी होत शेवटी एका पायावर आला. विराजची दुसरी गिटार तिने स्वतःच वाजवून भरली, पण त्या दोघांचा जो एकमेकांना टेकलेला आवाज होता तो आता नव्हता, आणि ते सगळ्यांना ऐकू येत होतं.

"तू गाऊ नकोस," सावनी एकदा म्हणाली. "तू दुकानात साबण मागतोस तसं बोल."

त्याने तसं केलं. हळू, एकसुरी, शब्दाला शब्द लावून. भोंगा वाजला नाय. टाकीचं नाव, वाऱ्याची दिशा, शिफ्ट. नमिताची ओळ तिने सांगितली तशीच आली.

त्याची बायको गेटवर हाय
तिच्या हातात दगड हाय

शब्द संपल्यावर निलेशने ड्रमचा वेग सोडला, सावनीने गिटारी मोकळ्या केल्या, आणि तिथे, शेवटी, जिथे आता कुणाला काही कळायचं राहिलं नव्हतं, तिथे वासिफ गुरगुरला. शब्दांशिवाय. निलेशचे वडील बाहेरून आत आले, ऐकलं, आणि परत गेले.

गाणं बाहेर आल्यावर जुन्या पोरांनी वासिफच्या अंगावर शिव्यांचा पाऊस पाडला. वासिफ मऊ पडला, वासिफ विकला गेला, खाजण मेलं. त्याने आधी वर्षानुवर्षं दुसऱ्यांना ज्या शब्दांत झोडलं होतं, तेच शब्द. तो प्रत्येकाला लांबलचक उत्तरं लिहीत बसायचा, चिडून, शुद्धलेखनाच्या चुका करत. फरझानाने शेवटी त्याचा मोबाइल काढून घेतला. हाकेच्या गाण्याइतकं हे गाणं चाललं नाही, चालणारही नव्हतं. पण रोह्यातल्या आणि नागोठण्यातल्या कंपन्यांच्या कामगारांच्या ग्रुपवर ते फिरलं. शब्द ऐकू येत होते, म्हणून फिरलं.

कंपनीने वासिफला बोलावलं. गाणं काल्पनिक आहे असं जाहीर कर, म्हणाले. तो नाही म्हणाला. महिन्याभरात त्याची गुजरातच्या प्लँटला बदली केली. त्याने राजीनामा दिला. आता तो नागोठण्याजवळ एका लहान युनिटमध्ये आहे, शिफ्टलाच. या सगळ्याचा त्याला पस्तावा आहे का असं कुणी विचारलं, तर तो उठून जातो.

आणि एक गोष्ट झाली. त्या दिवशी कंट्रोल रूममध्ये दत्तात्रेय नावाचे एक गृहस्थ ड्यूटीवर होते. ते आता रिटायर झालेत. ते आपणहून निडीला नमिताकडे गेले. त्यांनी सांगितलं, की भोंग्याची वायर दुरुस्तीसाठी काढलेली होती, कितीतरी दिवस तशीच होती, आणि मला बोलू नको म्हणून सांगितलं होतं. नमिताने त्यांना पाणी दिलं, पण बरं झालं आलात असं काही म्हटलं नाही. इतकी वर्षं कुठं होतात, असं विचारलं. ते लेखी द्यायला तयार झाले. एका वकिलाने अर्ज केला, आणि प्रकरण परत उघडलं.

पहिल्या सुनावणीला नमिताबरोबर वासिफ आणि सावनीही गेली होती. खोलीत पंखा मोठ्याने घरघरत होता. कंपनीचा वकील बाबाजी हलला नाही म्हणून वाचायला लागला, तसा वासिफ उभा राहून बोलायला लागला. सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी त्याला बसायला सांगितलं. नमितानेही त्याच्या शर्टाची बाही ओढली.

"माझं मी बोलेन," ती म्हणाली.

तिने सुरुवात केली. त्या दुपारी बाबाजीने कुठला डबा नेला इथपासून. दोन वाक्यांवर अधिकारी म्हणाले, बाई, जरा मोठ्याने. तिने आवाज वाढवला नाही. ती थांबली आणि त्यांच्याकडे बघत राहिली, बराच वेळ, इतका की सावनीला वाटलं ही आता उठून जाते. अधिकाऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग त्यांनी शिपायाला पंखा बंद करायला सांगितलं.

नमिता पहिल्यापासून सांगायला लागली.